मोजणीवाले आले

काही गावं देवळामुळे ओळखली जातात, काही आंब्यामुळे, काही एखाद्या पुढाऱ्यामुळे. आमचं वडपे ओळखलं जातं टेंडरमुळे. माजिवडा ते वडपे आठपदरीकरण. वडपे ते गोंदे चौपदरीकरण. रस्ता कुठलाही निघो, तो एक तर वडप्याला सुरू होतो नाहीतर वडप्याला संपतो. आणि सुरू होण्याच्या किंवा संपण्याच्या जागी माणसंही राहत असतील अशी शंका टेंडर भरणाऱ्याला येत नाही. भिवंडी तालुक्यातलं हे गाव मुंबई-आग्रा रस्त्याच्या काठावर आहे. म्हणजे पूर्वी काठावर होतं. रस्ता रुंद होत गेला तसा काठच गावात आला. जवळ आमण्याला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला खुला झाला, तेव्हापासून नागपूरहून सुसाट आलेला माणूस आमच्याकडे पोचला की पहिल्यांदा स्वस्थ बसतो. गाडीतच. ठाण्याकडे तोंड करून.

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचा नाद मला लागला तो या कोंडीत. इतर ठिकाणी फोटो काढणाऱ्याला दृश्याच्या मागे धावावं लागतं. इथे दृश्य तास-दोन तास जागचं हलत नाही. कंटेनरचा क्लीनर उतरून बाजूच्या आरशात निवांत दाढी करून घेतो. शिर्डीला निघालेल्या कुटुंबातले आजोबा झाडाआड जाऊन येतात, वर पाय मोकळे करतात, एक कणीस खातात, तरी गाडी तिथेच. पडघ्याकडच्या वाड्यांवरच्या बायका करवंदं, जांभळं, ताडगोळे घेऊन दोन गाड्यांमधल्या फटीतून अशा सहज हिंडतात की तो आठवडी बाजार वाटावा. रघुबीर सिंह या फार मोठ्या छायाचित्रकाराने अँबॅसडर गाडीच्या खिडक्यांतून आणि आरशांतून अख्खा देश टिपला; 1999 मध्ये तो गेला आणि त्या फोटोंचं पुस्तक त्याच्यामागे, 2002 मध्ये निघालं. त्याला त्यासाठी देशभर हिंडावं लागलं. वडप्याला एसटीत खिडकीची जागा मिळाली की देश आपणहून शेजारी येऊन उभा राहतो. नागालँड पासिंगचा ट्रेलर, राजस्थानचा मार्बल, लासलगावचा कांदा, आणि या सगळ्यांच्या मधे अडकलेली, नवरदेव आत असलेली फुलांची गाडी.

हायवेवरचा माणूस फोटोला हरकत घेत नाही. त्याचं सगळं वैतागून झालेलं असतं. उलट तोच काच खाली करून "काढा, काढा, आणि टाका कुठेतरी" असं सांगतो. अडचण सुरू होते ती हायवे सोडून आत गावठाणात शिरल्यावर.

या नादाची एक पोथी आहे. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ नावाच्या फ्रेंच माणसाचं 1952 मधलं पुस्तक. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, रस्त्यावरच्या जगण्यात एक क्षण असा येतो की माणूस, भिंत, सावली, सगळं बरोब्बर जागच्या जागी बसतं. तो क्षण पकडायचा आणि पकडताना कुणाला कळू द्यायचं नाही. लोकांना चाहूल लागू नये म्हणून तो आपल्या छोट्याशा लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचा. हा माणूस आपल्याकडेही येऊन गेला. 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत गांधीजींना भेटून तो बाहेर पडला आणि थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. त्यानंतरच्या त्या रात्रीचे आणि अंत्ययात्रेचे त्याचे फोटो जगभर गेले. लाखोंच्या गर्दीत तो कुणाच्या डोळ्यांवर आला नाही म्हणतात.

वडप्यात आला असता तर आला असता. काळी पट्टी असो नाहीतर पांढरी, आमच्या गावठाणात कॅमेरा पिशवीतून बाहेर यायच्या आत पहिल्या ओट्यावरून आवाज येतो, "मोजनी हाय का रं?"

यात गावाचा दोष नाही. गेल्या कित्येक वर्षांत या गावात कॅमेरा घेऊन जो आला, तो काहीतरी मोजायलाच आला. रस्त्याच्या भूसंपादनाला आला, समृद्धीला आला, बडोदा महामार्गाला आला. भिवंडीच्या आसपासच्या 60 गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे गेलं, तेव्हापासून गोदाम अधिकृत आहे की अनधिकृत ते बघायला आला. मग 2020 च्या एप्रिलमध्ये स्वामित्व योजना निघाली आणि गावठाणांवर ड्रोन उडायला लागले. ड्रोन यायच्या आधी प्रत्येकाने आपापल्या घराभोवती चुन्याची रेघ मारायची, म्हणजे वरून हद्द दिसते, अशी त्यातली पद्धत. आता ज्या गावांत दोन सख्ख्या भावांच्या पडव्यांमधून पावसाचं पाणी कुणाकडे पडावं यावरून तीन पिढ्या बोलणं नाही, त्या गावांत लोकांच्या हातात चुना देऊन रेघा मारायला सांगितल्यावर काय होत असेल, ते मी सांगायला नको. ते दृश्य टिपायला ड्रोन नव्हे, ब्रेसाँच पाहिजे होता.

तर अशा गावात "मी नुसतेच फोटो काढतो" हे उत्तर कुणाला पटत नाही. नुसतेच म्हणजे काय? कशासाठी? कुठल्या हापिसाचं? मी इथेच जन्मलो, इथल्याच शाळेत मार खाल्ला. ज्या म्हाताऱ्यांनी मला कमरेला नुसता करगोटा घालून फिरताना पाहिलंय, त्यांच्यातलेच एक आजोबा माझ्या गळ्यात कॅमेरा दिसताच ओट्यावरून उठून उभे राहिले आणि "या सायेब" म्हणाले. हे मी नंतर तपासून पाहिलं. मोबाइलने फोटो काढला की मी "काय रं पोऱ्या". छोट्या भिंगाचा कॅमेरा लावला की "दादा". आणि ते लांबलचक नळकांडं चढवलं की थेट "सायेब", त्याच्याबरोबर खुर्ची, आणि पाण्याऐवजी चहा. माणसाची किंमत भिंगाच्या लांबीवर ठरते हे कुठल्याच फोटोग्राफीच्या पुस्तकात दिलेलं नाही.

त्या आजोबांच्या अंगणात सकाळचं तिरकं ऊन पडलं होतं. सून कोंबड्यांना कण्या टाकत होती आणि धुराची एक रेघ उन्हातून वर चालली होती. मी गुडघ्यावर बसलो. आजोबा मधे आले.

"यो आंबा घ्या फोटूत. बापाचे हातचा हाय. याचा बुंधा पुरा येऊं द्या."

आंबा घेतला.

"आता हिरीचा कारा. पानी दिसला पायजे. नायतर कोरडी बोलतील."

विहीर घेतली. मग चिंच, मग गोठा, मग चार वर्षांपूर्वी घातलेली पत्र्याची शेड. शेड मोठी दिसावी म्हणून त्यांनी मला नेमक्या कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं तेही दाखवलं, आणि खोटं कशाला बोला, त्या कोपऱ्यातून ती खरंच मोठी दिसत होती. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या भावाशिवाय तिच्यावरची झाडं, विहिरी, बांधकामं यांची किंमत वेगळी धरायची असते. आजोबांचं शिक्षण चौथी, पण हा भाग त्यांना तोंडपाठ. सून मात्र त्यांनी फोटोतून काढायला लावली. "ती कशाला? तिचं काय पैसं येतात का?" असं ते म्हणाले. सुनेने यावर जे म्हटलं ते ऐकून कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या, आणि मी पुढच्या आळीत गेलो.

पुढच्या आळीत याच्या बरोबर उलट. तिथे एक शेड पाडायची नोटीस येऊन पडलेली, त्यामुळे तिथल्या दादूसला फोटोत काहीच यायला नको होतं. तो माझ्याबरोबर चालत राहिला आणि मी जिकडे कॅमेरा वळवीन तिकडे जाऊन उभा राहिला. त्या आळीतले माझे सगळे फोटो म्हणजे एकाच माणसाची वेगवेगळ्या भिंतींसमोरची छाती आहे. नंतर तोच म्हणाला, यातला एखादा बरा असेल तर पाठव, वाढदिवसाच्या बॅनरला होईल. बॅनर लागला. हायवेच्या कोंडीत अडकलेल्या हजारो लोकांनी तो पाहिला असणार. माझं इतकं काम एकावेळी इतक्या लोकांनी पुन्हा कधी पाहिलं नाही.

माझ्या कॅमेऱ्याची हकिकतही इथेच सांगायला हवी, कारण ती अस्सल इथलीच आहे. तो मी ऑनलाइन मागवला. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर आलं, तुमचं पार्सल भिवंडीच्या गोदामात पोचलं आहे. त्या गोदामाचं निळं छत माझ्या गच्चीवरून दिसतं. मला राहवेना, चालत गेलो. सुरक्षारक्षक म्हणाला, इथून देता येत नाही, ते नियमाने तुमच्या पत्त्यावर येईल. मग ते नियमाने ठाण्याला गेलं, तिथून आणखी कुठे तरी गेलं, एक रात्र वडप्याच्याच कोंडीत काढली असणार, आणि आठवडा उलटल्यावर माझ्याकडे आलं. देशातल्या निम्म्या घरांत जाणारी वस्तू आमच्या डोळ्यांदेखत जाते आणि आमच्याकडे मात्र सगळ्यात शेवटी येते. कॅमेरा हातात पडल्यावर मी पहिलं काम केलं ते त्याच गोदामाच्या फाटकाचा फोटो काढायला गेलो. सुटी झालेल्या पोरी डबे हलवत बाहेर पडत होत्या, फार छान होतं सगळं. रक्षक धावत आला, "फोटो मना है!" त्याच्या डोक्यावर चार कॅमेरे होते आणि चारही माझे फोटो काढत होते. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं.

वडप्यात हे असं झाल्यावर मी शेअर रिक्षात बसून भिवंडी शहरात जायला लागलो. जुनं शहर, लाकडी सज्जे, अरुंद आळ्या, गर्दी. तिथे कोण कुणाला विचारतो, असा हिशेब. ब्राह्मण आळी, कासार आळी, मंडई, तीनबत्ती, निजामपुरा. फोटो काढणाऱ्याने लाळ गाळावी अशी ही वस्ती आहे. एका आळीत देवळाची घंटा, पुढल्या वळणावर मशीद, मधे भांड्यांची दुकानं, कोकणी मुसलमानांची जुनी घरं, उत्तरेकडून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी हातमाग घेऊन आलेल्या मोमीन विणकरांच्या गल्ल्या, आणि पद्मानगरला गेलात तर तेलुगू पाट्या. पण भिवंडीचा फोटो निघत नाही. म्हणजे निघतो, पण त्यात भिवंडी नसते. हे शहर दिसण्याआधी ऐकू येतं. भिंतीपलीकडे यंत्रमाग चाललेले असतात, खटाखट खटाखट, दिवसरात्र; चहाच्या पेल्यातला चहासुद्धा त्याच तालात थरथरतो. इथली माणसं एकमेकांशी मोठ्याने बोलतात ते भांडत असतात म्हणून नव्हे, आणि खरोखर भांडतात तेव्हा हातवाऱ्यांनी भांडतात. फोटोत हे सगळं मुकं होऊन जातं. फोटो बघून पुण्याच्या एका स्नेह्यांनी कळवलं, "किती शांत गल्ली आहे हो!"

एक मात्र खरं, लाईट गेली की भिवंडी अचानक दिसायला लागते. 2007 मध्ये वीजवाटप खासगी फ्रँचायझीकडे गेलं, त्याआधीच्या भारनियमनाच्या गोष्टी जुने कारागीर अजून सांगतात. आता ते तेवढं होत नाही. पण गेली की सगळे माग एकदम थांबतात, कानात काहीतरी निघून गेल्यासारखं होतं आणि त्या गप्पपणात आळीआळीतून माणसं बाहेर येतात. बनियनवर, केसांवर, भुवयांवर कापसाचा पांढरा भुसा. कुणी पायरीवर बसतं, कुणी विडी शिलगावतं, कुणी भिसीत, म्हणजे खाणावळीत, जाऊन जेवण तयार आहे का विचारून येतं. सगळी गल्ली आपण होऊन फोटोला बसल्यासारखी. फक्त तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "ऐ भाई, कौनसा चॅनल?" मी म्हणतो, चॅनल नाही. "फिर यूट्यूब?" तेही नाही. मग दुसरा समजूतदारपणे पहिल्याला सांगतो, "बिजलीवाला होगा." त्यावर जो तो आपापलं बिल आणायला घरात जातो.

चालू मागावर मात्र मला ब्रेसाँ पटला. एका कारखान्याच्या मालकाला सलाम करून, "सेठ से पूछो" हे वाक्य तीन माणसांकडून ऐकून, शेवटी सेठलाच विचारून मी आत गेलो. अंधार, एका रांगेत ट्यूबलाइट, आणि चार-सहा मागांच्या मधे फिरणारा एक कारागीर. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मजुरी मीटरवर असते. धागा तुटला, माग थांबला, की त्याचे पैसे थांबले. त्याची नजर एका मागावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. धागा तुटला की बोटं तिथे पोचलेली, गाठ मारलेली, दांडा ओढलेला. मी त्याच्या नाकासमोर कॅमेरा धरला तरी त्याला मी अडगळ. रस्त्यावरच्या फोटोची पोथी ज्या एका गोष्टीसाठी तडफडते, समोरच्याला तुमचं भान नसणं, ती मला अख्ख्या भिवंडीत याच एका माणसाकडे मिळाली. आणि ती कलेमुळे मिळाली नव्हती, मीटरच्या दरामुळे मिळाली होती. बाहेर आल्यावर फोटो बघताना मला तेवढा आनंद झाला नाही जेवढा व्हायला हवा होता. असो.

आता सज्ज्यांकडे येतो, कारण जुन्या शहरात गेलेला प्रत्येक छायाचित्रकार तिथेच जातो. नक्षीचे लाकडी कठडे, एका बाजूला झुकलेला खांब, भिंतीतून उगवलेला पिंपळ, त्याच्याखाली वाळत घातलेली लाल साडी. आपल्याला वाटतं, काय सुंदर तडा गेलाय! त्या तड्याखाली राहणाऱ्याला तसं वाटत नाही. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. पुढे सी-2 ए, सी-2 बी, सी-3. हे हसण्यावारी न्यायचं नाही. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि तिसाहून जास्त जीव गेले. तेव्हापासून भिवंडीत कुणी मान वर करून इमारतीकडे बघत उभा राहिला की खालचा पानवालासुद्धा दोन पावलं मागे सरकतो.

अशाच एका इमारतीसमोर मी मान वर करून उभा होतो. पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. पागडीने राहतात, वडिलांपासून. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तडा दिसतोय ना, तो प्लास्टरचा आहे. नुसता वरवरचा. आतून सागवान आहे, बर्मा टीक. हात लावून बघा. अजून पन्नास वर्षं काही होत नाही. तुम्ही असं करा, दरवाजाकडून घ्या. दरवाजावर गणपती आहे."

मी दरवाजाकडून घेतला. तेवढ्यात स्कूटरवरून मालक आले. त्यांना कुणी फोन केला देव जाणे.

"दरवाजाचा कसला घेताय? इकडून या. हा खांब बघा, हलतोय. हा बघा हलवतो." त्यांनी खांब हलवला. वरून काकांनी ओरडून सांगितलं की खांब हलत नाहीये, मालक हलताहेत. "माणसं मरतील हो एक दिवस इथे," मालक कळवळून म्हणाले आणि मला म्हणाले की तडा जरा जवळून घ्या, काळा-पांढरा आला तर आणखी बरं. इमारत पडली तर भाडेकरू जातील आणि नवी बांधता येईल, हा त्यांचा जीवनाकडे बघण्याचा कोन. उभी आहे तोवर आपण आहोत, हा काकांचा. एकाच सज्ज्याचे दोन फोटो मी दोन्ही बाजूंनी काढून दिले. दोन्ही खरे आहेत. एकात वाडा शंभर वर्षं टिकेल असा दिसतो आणि दुसऱ्यात तो पुढल्या आठवड्यापर्यंतही जाईल असं वाटत नाही. मधल्या काळात पहिल्या मजल्यावरच्या वहिनी दोरीवरचे कपडे काढून घेऊन गेल्या आणि ठेवणीतली बेडशीट वाळत घालून गेल्या. तिच्यावर मोर होते.

लोक असे नटतात, आडवे येतात, मधे तोंड घालतात याचा मला सुरुवातीला राग यायचा. मग वाचनात एक साहेब आला आणि राग उतरला. मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. युरोपात ही कला जाहीर होऊन उणीपुरी पंधरा वर्षं झाली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळींपैकीच. त्यांच्यातल्या विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजाने मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या लोकांचं एक भलंमोठं चित्रमय पुस्तक केलं, 1863 आणि 1866 अशा दोन खंडांत. त्यात माणसं आहेत आणि त्यांच्यामागे मुंबईतल्या जागा आहेत. पाहणाऱ्याला वाटावं, साहेब रस्त्यात उभा राहून टिपतोय. प्रत्यक्षात माणसं वेगळी टिपलेली, जागा वेगळ्या टिपलेल्या, आणि दोन्ही एका कागदावर जुळवून दिलेली. म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यावरच्या फोटोची परंपरा सुरू झाली तीच मुळी रस्त्यावर न जाता. पुढे भिवंडीच्या स्टुडिओंत रंगवलेल्या पडद्यापुढे काश्मीरच्या सरोवराकाठी बसून आमच्या आईवडिलांनी लग्नानंतरचा पहिला फोटो काढला. वडिलांच्या पायात चप्पल नव्हती, मागे बर्फ होता. त्या घरातल्या मुलाने लोकांकडे "नैसर्गिक राहा" म्हणून हट्ट धरावा, हे जरा जास्तच.

पोरांनी तर माझं सगळं शिक्षणच नव्याने केलं. आठवी-नववीतली पोरं, हातात आईचा मोबाइल. "काका, खालून घ्या. वरून घेतला की बुटके दिसतो." "काका, थोडं स्लो मोशन." मी म्हटलं, तुम्ही आपलं खेळा, मी काढतो. त्यांनी खेळायचा अभिनय सुरू केला. एकाने गोटी मारताना तीन वेळा थांबून केस सारखे केले. मग मी कॅमेरा पिशवीत घातला, ते खरोखर खेळायला लागले, मी कॅमेरा काढला, ते थांबले. शेवटी त्यांच्यातल्याच एकाने, नाकाला शेंबूड असलेल्या, मला सांगितलं, "काका, तुमीपन खेला. मंग आमी इसरू." मी खेळलो. हरलो. ते विसरले, पण मीही विसरलो, आणि कॅमेरा पिशवीतच राहिला.

गणपतीत आमच्या मंडळाने माझ्या फोटोंचं प्रदर्शन मांडवात भरवलं. देखावा रद्द झाला होता आणि एक भिंत मोकळी होती, एवढंच कारण. चाळीसेक फोटो टांगले. लोक आले. प्रत्येक जण आधी आपला फोटो शोधायचा, मग आपला नाही म्हणून रागवायचा, मग शेजाऱ्याचा आहे म्हणून जास्त रागवायचा. आजोबांनी आपली विहीर ओळखली आणि तिच्यासमोर उभं राहून नातवाकडून फोटो काढून घेतला. यंत्रमागाच्या कारागिरासमोर कुणी थांबलं नाही. एका फोटोपुढे मात्र एक इसम बराच वेळ उभा होता. मला भरून आलं. जाताना त्याने त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला, दोन वेळा, जवळून.

तो माझा सगळ्यात लाडका फोटो. गावठाणाच्या टोकाला एका कुडाच्या घराच्या आजी कुंपणाच्या भिंतीवर सुके बोंबील पसरताहेत. कोवळं ऊन. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला मांजर, अंग चोरून, झेपेच्या बेतात. आजींचा हात वर उचललेला, अजून मांजरावर पडलेला नाही. ब्रेसाँने बघितला असता तर पाठ थोपटली असती, असं मी स्वतःला सांगतो. दुसरं कुणी सांगत नाही.

पंधरा दिवसांनी भिवंडीहून एका वकिलांचा फोन आला. तो फोटो तुमचाच ना? मूळ फाइल आहे का? तारीख-वेळ आहे त्यात? मी म्हटलं, आहे. ते खूश झाले. हद्दीचा दावा चालू होता आणि ती भिंत वादाच्या आधीपासून होती हे सिद्ध करायचं होतं. फोटो निशाणी म्हणून दाखल करणार. त्यासाठी नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, फोटो कुठल्या यंत्राने काढला, ते यंत्र तेव्हा नीट चालत होतं ना, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू. ती व्हॅल्यू त्यांच्या पोराने काढून दिली, चौसष्ट अक्षरांची. मी सही केली. माझ्या सगळ्या सौंदर्यदृष्टीबद्दल एवढं सविस्तर कुणी कधी लिहून घेतलं नव्हतं.

"एकच आहे," वकील म्हणाले. "म्हातारी मधे येते. भिंतीचा पूर्वेकडला भाग झाकला जातोय तिच्याने. दाखल करायची ती मूळ फाइल राहू दे. पण साहेबांना समजावून सांगायला मला मोठ्या प्रिंटमध्ये तेवढी म्हातारी कापून द्या. मांजर राहिलं तरी चालेल."

हे आजींच्या कानावर जायला रात्र लागली नाही. सकाळी त्या माझ्या दारात.

"मना कापतंस? भित माझे सासऱ्यानी बांधली, बोंबील माझं, आन मनाच कापतंस?"

मी त्यांना घेऊन वकिलांच्या ऑफिसात गेलो. आजींनी खुर्चीत बसून पदर सारखा केला आणि भिंतीचा इतिहास सासऱ्यांच्या लग्नापासून सांगायला सुरुवात केली. वकिलांचा चेहरा हळूहळू बदलला. ते म्हणाले, "अहो, मग यांनाच साक्षीदार करू की! आजी, हा फोटो काढला तेव्हा तुम्ही हजर होत्या?"

"मंग? माझाच फोटू हाय त."

"कधी काढला, आठवतं? साधारण कुठला महिना, कुठलं साल?"

"साल मना नाय ठावं," आजी म्हणाल्या. "पन बोंबील तवां शंभरला वाटा व्हता."

वकिलांनी चष्मा सारखा केला आणि ते लिहून घेतलं.